पलीकडे

पुण्यातल्या नळ स्टॉपच्या मेट्रो स्थानकावर एका आजींना मी चुकीचा जिना दाखवला. ही गोष्ट जूनमधली. तसं पाहिलं तर घडलं काहीच नाही. कुणी पडलं नाही, कुणाचं काही हरवलं नाही. पण ती संध्याकाळ मनातून जात नाही. मुंबईत रात्री अंथरुणावर पडलं की मधेच त्या आजींची पाठ डोळ्यांसमोर येते, काठ विटलेलं हिरवं लुगडं, हातात मिटलेली ओली छत्री, आणि त्या छत्रीच्या टोकातून टपटप गळणारं पाणी.

त्या दिवशी मी मावशीकडून निघाले होते. मावशी म्हात्रे पुलाच्या बाजूला राहते. पुणे स्टेशनवरून मुंबईची गाडी पकडायची होती, आणि मावशीनं "घोटभर चहा घे गं" म्हणत अर्धा तास बसवून ठेवलं होतं. पाऊस नुकताच थांबला होता. कर्वे रोडवर गाड्यांची रांग लागलेली, रिक्षा मिळणं शक्य नव्हतं. मी धावतपळत सरकत्या जिन्यानं वर आले आणि गेटकडे वळणार तोच मागून आवाज आला, "बाळ, पलीकडे कुठून उतरायचं गं?" आजी मधल्या मजल्यावर, बरोबर मध्यावर उभ्या होत्या. इकडे बघत होत्या, तिकडे बघत होत्या. मी थांबले नाही. चालता चालताच हात केला, "तो समोरचा जिना, आजी. सरळ खाली." त्यांनी मान डोलावली, "देव तुझं भलं करो" म्हणाल्या आणि माझ्या हाताच्या दिशेनं निघाल्या.

वर फलाटावर गेले. गाडीला तीन मिनिटं होती. फलाटाच्या कडेच्या जाळीत एके ठिकाणी फट आहे, तिथून खालचा पदपथ आणि जिन्याचं तोंड दिसतं. सहज म्हणून वाकून पाहिलं, तर आजी खाली पोचलेल्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या होत्या. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग वर, स्थानकाकडे. जवळच्या केळीवाल्याला त्यांनी काही विचारलं. त्यानं हात वर करून पुन्हा जिन्याकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या जिथून वर चढल्या होत्या, तिथंच मी त्यांना परत उतरवलं होतं.

गाडी आली आणि मी बसले.

मला गाडी चुकवायची नव्हती, हे खरं. एवढ्या वेळात खाली जाऊन, त्यांना गाठून, पुन्हा वर येणं जमलंही नसतं. पण ते सगळं मी डेक्कन गेल्यावर स्वतःला सांगायला लागले. त्या क्षणी असा काही हिशेब केला नव्हता. दारं उघडली आणि पाय आपोआप आत गेले, इतकंच.

चूक कशी झाली, ते मला संभाजी उद्यान येईपर्यंत उमगलं. मी आले होते नदीच्या बाजूनं. त्यामुळे माझं पलीकडे म्हणजे टेकडीची बाजू, लॉ कॉलेज रोडची. आजी आल्या होत्या टेकडीच्या बाजूनं, त्यांचं पलीकडे म्हणजे नदी. बहुतेक त्या लिफ्टनं वर आल्या असाव्यात. चारी बाजूंनी बंद डबा, दार उघडलं की आपण वर. कुठून आलो, कुठे वळलो, काही कळत नाही. मी त्यांना "तुम्ही कुठून आलात?" एवढं विचारायला हवं होतं. तीनच शब्द. पण माझं पलीकडे तेच साऱ्या जगाचं पलीकडे, असं धरून मी हात दाखवून मोकळी झाले.

आमच्या घरात हा शब्द फार जुना आहे. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, मूळची शनिवार पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाणी पेठांत शिरलं, आणि त्यानंतर आजोबांनी एरंडवण्यात दोन खोल्या घेतल्या. तेव्हा इकडे सगळी शेतं आणि मोकळी मैदानं होती म्हणे. आजीचा जीव इथं कधीच रमला नाही. ती रोज दुपारी भांडी आवरली की पदर नीट करून म्हणायची, "जरा पलीकडे जाऊन येते." पलीकडे म्हणजे लकडी पुलापलीकडे. तिथं तिच्या मैत्रिणी होत्या, तिचा गणपती होता, तिचा तपकिरीचा दुकानदार होता. चाळीस वर्षं एरंडवण्यात राहूनही तिच्या बोलण्यात घर अलीकडे आणि सगळं आयुष्य पलीकडे असं होतं. लहानपणी मी तिचं बोट धरून अनेकदा गेले आहे. पुलाच्या मध्यावर ती क्षणभर थांबायची, कठड्यावर हात ठेवायची आणि खाली पाणी किती आहे ते बघायची. उन्हाळ्यात नदी नावापुरतीच असायची, तरी ती बघितल्याशिवाय पुढे जात नसे.

माझं स्वतःचं पलीकडे मात्र एवढं लांब नव्हतं. माझं पलीकडे म्हणजे कर्वे रोडच्या पलीकडे. तिकडे माझी मैत्रीण राहायची आणि तिच्याकडे रंगीत टीव्ही होता. दुसरी-तिसरीत असेन. रस्ता एकटीनं ओलांडायचा नाही, असा आईचा सक्त हुकूम. त्यामुळे मी फाटकाशी उभी राहून ओळखीचं कुणी मोठं माणूस दिसतंय का, याची वाट पाहायची. दूधवाले काका, शेजारच्या काकू, कधी पोस्टमन. जो येईल त्याच्या हाताचा पंजा घट्ट धरायचा आणि पलीकडे गेलं की सोडून द्यायचा. त्या पंजांचे स्पर्श अजून आठवतात. पोस्टमनच्या बोटांना शाईचा आणि डिंकाचा वास यायचा. दूधवाल्या काकांचा तळवा थंडगार, ओलसर. रस्त्याच्या मध्यावर, दोन्हीकडून सायकली आणि लुना जात असताना, तो हात आणखी घट्ट व्हायचा. मोठं माणूस काही बोलायचं नाही. फक्त पकड बदलायची.

पुण्यातला माणूस दिशा सांगतो ती पूर्व-पश्चिम अशी सांगत नाही. तो खुणा सांगतो, आणि त्यातल्या निम्म्या खुणा आता जागेवर नसतात. लकडी पुलात लाकूड नाही, नळ स्टॉपला नळ नाही. तरी रिक्षावाला बरोबर तिथंच आणून सोडतो. कारण खूण पुसली तरी तिच्याभोवतीचं बाकी सगळं शिल्लक असतं. वासावरून, आवाजावरून, उतारावरून माणूस ओळखतो की आपण कुठे आहोत. नळ स्टॉपला पहाटे पोहे-उपम्याचा वास असतो. चौकातून लॉ कॉलेज रोडला वळलं की हवा किंचित गार लागते, झाडांमुळे असेल. म्हात्रे पुलाकडे वळलं की रस्ता हळूच उतरायला लागतो आणि पावसाळ्यात नदीचा तो ओला, कुबट वास येतो. हे कुणी शिकवत नाही. राहून राहून ते अंगात मुरतं.

स्थानकाचा मधला मजला या सगळ्यापासून तुटलेला आहे.

हा मधला मजला मला आधी कधी नीट दिसलाच नव्हता. स्थानक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फलाट येतो. पण उंचावरच्या मेट्रो स्थानकात खरा कारभार चालतो तो खालच्या रस्त्याच्या आणि वरच्या फलाटाच्या मधे. रस्त्याच्या दुभाजकातून खांब वर येतात, त्यांच्यावर हा मजला, आणि त्याच्याही वर रूळ. दोन्हीकडच्या पदपथांवरून जिने, सरकते जिने आणि लिफ्ट इथं येतात. मधे काचेच्या झडपांची गेटं. गेटाच्या आत तिकीटवाल्यांचं राज्य, बाहेरचा भाग मात्र सगळ्यांचा. तिकीट न काढता या बाजूनं चढावं, चालत जावं आणि त्या बाजूला उतरावं. कर्वे रोड आता इतका वाहता झालाय की म्हाताऱ्या माणसांनी खालून तो ओलांडायचा म्हणजे जिवावरचंच काम. म्हणून अनेकजण स्थानकात येतात ते गाडीसाठी नाही, रस्त्यासाठी. आजी त्यांपैकीच होत्या. या लोकांना मेट्रो म्हणजे प्रवास नाही, छप्पर असलेला पूल आहे. मला हे स्थानकाचं सर्वात चांगलं काम वाटतं. वनाजपासून रामवाडीपर्यंतच्या १६ स्थानकांची कुणी कितीही वाखाणणी करो, माझ्या लेखी कर्वे रोडवर एखादं थकलेलं माणूस शांतपणे या बाजूचं त्या बाजूला जातं, ही गोष्ट जास्त मोलाची.

पण त्या मजल्यावर उभं राहिलं की आपण कुठे आहोत ते कळत नाही. सगळीकडे तोच पांढरा उजेड, त्याच स्टीलच्या पट्ट्या, तीच चकचकीत फरशी, तोच फिनाइलचा वास. रस्त्याचा आवाज येतो, पण तो खालून, पायांतून येतो, कुठल्या बाजूचा ते ओळखू येत नाही. वर गाडी आली की छत हलकेच थरथरतं. सूर्य दिसत नाही. पाट्या आहेत, बाण आहेत, मराठीत आहेत. पण पाटी वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा पावसात ओला होतो. जमिनीवर दृष्टिहीनांसाठी पिवळ्या उठावाच्या फरश्या बसवल्या आहेत. लांब पट्ट्या असतील तर चालत राहायचं, ठिपके लागले की थांबायचं, पुढे जिना किंवा वळण आहे. ही किती प्रेमानं केलेली सोय आहे, हे मला त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा जाणवलं. त्या फरश्या पायांशी बोलतात. आजींना मात्र बोलायला कुणीतरी माणूसच हवं होतं, आणि ते माणूस म्हणजे मी.

माझा मामेभाऊ स्थापत्य अभियंता आहे. त्याला मी एकदा विचारलं, की स्थानक असं का? जायचे-यायचे दोन फलाट दोन टोकांना का, मधे एकच का नाही? मग चुकीच्या बाजूला जाण्याचा प्रश्नच उरणार नाही. त्यानं टेबलावर दोन काड्या ठेवल्या. म्हणाला, रूळ पुलावरून शेजारी शेजारी येतात. मधे फलाट बसवायचा तर स्थानकाच्या आधीच ते एकमेकांपासून फाकवावे लागतील, आणि फाकवायचे तर पूल तेवढा लांबवर रुंद होईल. खाली रस्ता आहे, दोन्हीकडे माणसांची घरं आहेत, एवढी जागा कुठून आणणार? म्हणून रूळ सरळ ठेवायचे आणि फलाट दोन्ही कडांना लावायचे. त्या दोन काड्यांमधलं अंतर मी बराच वेळ बघत बसले. घरांना धक्का लागू नये म्हणून दोन फलाट वेगळे झाले, हे ऐकून बरं वाटलं. आणि म्हणूनच गाडीत दरवेळी "दरवाजे डावीकडे उघडतील" असं ऐकू येतं, तेही कळलं.

दोन फलाट समोरासमोर असले की आणखी एक गोष्ट होते. पलीकडच्या फलाटावरची माणसं दिसतात. अगदी स्पष्ट, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पण तिथं जायचं तर खाली उतरून, मधल्या मजल्यावरून फिरून पुन्हा चढावं लागतं. एकदा मी माझ्या शाळेतल्या बाईंना पाहिलं होतं तिकडे. पांढरे केस, तीच ताठ मान. मी हात हलवला, त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही, आणि मधे वनाजची गाडी येऊन उभी राहिली. गाडी गेली तेव्हा फलाट रिकामा होता.

मुंबईत मला असं कधी वाटलं नाही. तिथं मी काही वर्षं रोज घाटकोपरहून मरोळ नाक्याला जात असे. ८ जून २०१४ ला ती वर्सोव्याची मेट्रो सुरू झाली आणि आमच्या ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांचे रोजचे दोन-दोन तास वाचले. घाटकोपरला लोकलमधून उतरलं की काही विचारावं लागत नाही. गर्दीच उचलते, जिन्यावरून नेते, पुलावरून वळवते आणि मेट्रोच्या गेटापाशी आणून सोडते. डोळे मिटून चाललं तरी पोचाल. कुणाच्या पाठीच्या पिशवीचा बंद, कुणाच्या गजऱ्याचा वास, कुणाच्या डब्यातल्या कांद्याच्या भाजीचा, आणि मग काचेची झडप. असल्फा आलं की खिडकीतून डोंगरावरची रंगीत घरं दिसायची, पिवळी, निळी, गुलाबी, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. रोज बघूनही मी मान वळवायचे. पण त्या गर्दीत कुणी मला "पलीकडे कुठून" असं विचारल्याचं आठवत नाही. तिथं गर्दीलाच रस्ता माहीत असतो. पुण्यात दुपारी किंवा संध्याकाळी नळ स्टॉपचा मधला मजला बऱ्यापैकी मोकळा असतो, आणि मोकळ्या जागेत माणूस हरवतो, हे मला इथं कळलं.

कदाचित मुंबईतल्या त्या वर्षांनी मला न थांबता उत्तर द्यायची सवय लावली असेल. चालता चालता, हात करून. मुंबईत ते चालतं, कारण चुकलात तर पुढचा माणूस सांगतोच. इथं पुढचा माणूस नव्हता.

आईला हे सगळं मी सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी, ऑगस्टमध्ये, पुण्याला आले तेव्हा. ती पोळ्या लाटत होती. काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "उद्या मला मंडईत ने." आई मेट्रोनं फारशी जात नाही. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची तिला भीती वाटते, कारण वरच्या फलाटावरून उतरून जमिनीखाली सुमारे ३३ मीटर जायचं. पण स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाल्यापासून मंडईच्या दारात उतरता येतं, याचं तिला मनातून फार अप्रूप आहे. गेलो आम्ही. सिव्हिल कोर्टला वरून खोल खाली ऊन उतरतं, तिथं ती थांबली आणि वर बघत राहिली. मंडईत तिनं आळूची पानं घेतली, हळदीची पानं घेतली, आणि पिशवी मला उचलू दिली नाही.

परतताना नळ स्टॉपला आम्ही नदीच्या बाजूला उतरलो. तिला मावशीकडे वाटीभर मेतकूट द्यायचं होतं. मावशीकडून निघालो तेव्हा सहा वाजत आले होते. मला परत मुंबईला जायचं होतं, आईला घरी, टेकडीच्या बाजूला. मी म्हटलं, रिक्षानं सोडते. आई म्हणाली, "कशाला? स्थानकातून पलीकडे उतरते की." आम्ही दोघी सरकत्या जिन्यानं वर आलो. मधल्या मजल्यावर आल्यावर मी तिचा दंड धरला आणि हात पुढे करून जिना दाखवणार, तेवढ्यात तिनंच माझा हात खाली केला. ती कडेला गेली. बाहेरचं थोडंसं आकाश दिसतं अशी एक जागा आहे तिथं. इमारतींच्या फटीतून टेकडीचा एक हिरवा तुकडा दिसत होता, पावसानं गडद झालेला. आईनं तो नीट पाहून घेतला, जसं आजी पुलावरून पाणी पाहायची तसं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कळलं मला," म्हणाली. "तू जा. पोचलीस की फोन कर."

मी गेटातून आत गेले, वर फलाटावर आले आणि त्याच फटीपाशी जाऊन उभी राहिले. खाली केळीवाला होता. त्याच्या गाडीवर निळं प्लास्टिक, त्यावर साचलेलं पाणी तो काठीनं वर उचलून ओतून देत होता. जिन्याच्या तोंडातून एक शाळकरी मुलगा बाहेर आला. मग दोन बायका, हसत. मग कुणीच नाही. आईचा गुडघा दुखतो, ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरते, हे मला माहीत होतं, तरी मी मोजत होते. फलाटावर घोषणा झाली. लांबून, गरवारे कॉलेजच्या नव्हे, वनाजच्या बाजूनं गाडीचे दिवे दिसले, रूळ किंचित गुणगुणायला लागले. गाडी आली. दारं उघडली, डावीकडे. आतली दोन-चार माणसं उतरली, माझ्या मागे उभी असलेली मुलगी आत चढली आणि माझ्याकडे वळून बघू लागली, की ही बाई येत का नाही. मी हलले नाही. मी जिन्याच्या तोंडाकडे बघत होते.